कोकणात समुद्री चाच्यांचं साहस उद्यान उभारताना: जागेच्या शोधापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये ३० जून २००० रोजी प्रिन्सेस डायनाच्या स्मरणार्थ मुलांसाठी एक मैदान सुरू झालं. त्याच्या मधोमध वाळूत उभं असलेलं मोठं लाकडी जहाज आहे. त्याला मोटर नाही, पडदा नाही, वर चढायला तिकीटही नाही. मुलं दोरांवरून चढतात, सुकाणू फिरवतात, वाळू उपसतात आणि घरी चला म्हटलं की हिरमुसतात. चाच्यांच्या कल्पनेवर उद्यान काढायचा विचार असेल तर आधी हे जहाज नीट समजून घ्या. आपल्याकडे अशा कामात पहिला मोठा पैसा प्रवेशद्वारावरच्या फायबरच्या कवटीवर जातो आणि मुलाच्या हातापायांना करण्यासारखं फार थोडं उरतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. मूल कुठे चढेल, कुठे लोंबकळेल, कुठे पडेल हे आधी ठरवा. रंग आणि कवट्या शेवटी.

हा लेख अलिबाग ते वेंगुर्ला या पट्ट्यात तीन-चार एकरांत उद्यान उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यात एक मोठं खेळाचं जहाज, दोरांचा मार्ग, छोटी झिपलाइन, थोडं पाणी आणि एक गुहा एवढं धरलं आहे.

कथा ठरवा, पण ती इथल्या समुद्राची असू द्या

चाचे म्हटलं की सगळे कॅरिबियनकडे धावतात. वास्तविक १६९० नंतरची काही वर्षं चाच्यांची खरी कमाई अरबी समुद्रात होती. मादागास्करजवळचं सेंत-मारी बेट त्यांचा तळ होतं आणि सुरतेहून मोखा-जिद्देकडे जाणारी-येणारी जहाजं त्यांचं लक्ष्य. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं, त्याचा राग सुरतेतल्या इंग्रज वखारवाल्यांवर निघाला आणि त्यांना कैद झाली. १६९८ मध्ये विल्यम किडने ‘क्वेदा मर्चंट’ हे मालाने भरलेलं जहाज पकडलं आणि १७०१ मध्ये लंडनमध्ये त्याला फाशी झाली. एवढं सगळं आपल्याच पाण्यात घडलेलं असताना जमैकाची नक्कल करण्याचं कारण नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ‘गंज-ए-सवाई’वर हजहून परतणारे यात्रेकरू होते आणि त्यांच्यावर भयानक अत्याचार झाले. त्या प्रसंगाचा खेळ करू नका. मोठ्यांसाठी एखाद्या फलकावर तो सरळ शब्दांत सांगा. दुसरी गोष्ट आंग्र्यांची. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचे म्हणून येतात, कारण ते या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तक (परवाना) मागत आणि नसेल तर जहाज अडवत. ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. भारतीय नौदलाच्या मुंबईतल्या तळाला आज त्यांचं नाव आहे. कोकणातल्या उद्यानात त्यांचा पुतळा चाच्यांच्या रांगेत उभा करणं चूक आहे आणि गावकरी ते चालवूनही घेणार नाहीत. कथेत त्यांची जागा समोरच्या बाजूला ठेवा: किनाऱ्यावर मराठी आरमाराची चौकी आणि तिथे दस्तक दाखवल्याशिवाय कोणालाच खाडीत शिरता येत नाही. मग उद्यानाला आपोआप दोन जहाजं मिळतात, एक चाच्यांचं आणि एक आंग्र्यांची गुराब, म्हणजे त्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज. मुलांना दोन पक्षही मिळतात.

खऱ्या चाच्यांच्या रीतींमध्ये खेळासाठी भरपूर ऐवज आहे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर लेखी नियम होते. प्रत्येक खलाशाला मत होतं, पैशाचा जुगार बंद होता, रात्री आठनंतर दिवे बंद होत आणि जखमी झालेल्याला ठरलेली भरपाई मिळे. आत शिरल्यावर प्रत्येक गटाने आपले नियम लिहायचे, हात वर करून कप्तान निवडायचा आणि लुटीचे वाटे ठरवणारा दुसरा माणूसही निवडायचा, एवढ्याने दिवसाची सुरुवात छान होते. फळीवरून समुद्रात ढकलणं आणि खजिन्याचा फुलीवाला नकाशा या गोष्टी बहुतांशी कथा-कादंबऱ्यांतून आल्या आहेत. खेळात त्या जरूर ठेवा, माहितीफलकावर इतिहास म्हणून लिहू नका.

जागा: समुद्र दिसावा, पण समुद्राला चिकटू नये

सगळ्यांना किनाऱ्यालगतची जागा हवी असते. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना वाचल्याशिवाय विसारही देऊ नका. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत, तर २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून दाट वस्ती असलेल्या गावांत ५० मीटरपर्यंत विकासाला बंदी आहे. खाडीकाठी वेगळं मोजमाप लागतं, आणि कांदळवन असेल तर त्याच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सोडावा लागतो. गावाच्या मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला सर्व्हे नंबर नेमका कुठे पडतो ते आधी तपासा. त्यासोबत सातबारावरचे इतर हक्क, खासगी वनाची नोंद, पोहोचरस्ता आणि अकृषिक परवानगी पाहा. महाराष्ट्रात साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं आहे. दोरांचा मार्ग आणि झिपलाइन त्याखाली येतात, त्यामुळे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आराखडा काढण्यापूर्वी त्याच्या अटी हाताशी ठेवा, नंतर बसवायला गेलात तर खांब हलवावे लागतील.

माझी पसंती समुद्रापासून थोड्या आतल्या, जांभ्याच्या सड्याला (कातळी पठाराला) लागून असलेल्या उताराला आहे. वरून समुद्र दिसतो, पाणी निचरून जातं, पायाला कातळ मिळतो आणि मिठाचा मारा कमी असतो. पावसाळ्यात एकदा जाऊन पाणी कुठून वाहतं ते स्वतः पाहा. एप्रिल-मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरतं तेही पाहा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावांतसुद्धा उन्हाळ्यात टँकर येतो, आणि पाण्याचे खेळ नेमके तेव्हाच चालणार असतात.

जागेवर माड असतील तर त्यांच्याखाली खेळ ठेवू नका. ठेवायचेच असतील तर नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवण्याचं वेळापत्रक पक्कं करा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस असते का, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, ही चौकशीही जागा घेण्याआधीची.

गर्दीचं गणित

रविवारी सहा तासांत ४०० माणसं येतील असं धरा. झिपलाइनवर पट्टे बांधणं, सोडणं आणि उतरवणं मिळून एकाला दोन मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ३० आणि दिवसभरात १८०. दोरांच्या मार्गाचा वेग त्यातल्या सर्वांत मंद अडथळ्यावर ठरतो. तिथे ९० सेकंद लागत असतील तर तासाला ४० आणि दिवसाला २४०. जाहिरातीत झिपलाइन पुढे केलीत तर निम्म्याहून अधिक लोक ती न करताच परततील आणि नाराज होतील. उलट १५० चौरस मीटर खेळाची जागा असलेल्या जहाजावर, एका मुलामागे ३ चौरस मीटर धरले तरी, एकाच वेळी ५० मुलं बिनरांगेची खेळतात. म्हणून पैसा जहाजात घाला. झिपलाइन हे शेवटचं बक्षीस असू द्या.

मांडणीत एकच प्रवेश-निर्गम ठेवा. मूल हरवण्याची भीती त्याने निम्मी होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कुंपणाने वेगळी केलेली छोटी खाडी हवी: होड्या, वाळू, उथळ पाणी. आईवडील सावलीत बसून जहाजाच्या दोन्ही बाजू पाहू शकतील असा ओटा मधोमध बांधा. खाणावळ आणि स्वच्छतागृहं त्याच ओट्याच्या मागे.

जहाज

खर्च, वेळ आणि लक्ष सर्वांत जास्त इथे लागू द्या.

साधारण १६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद सांगाडा पुरेसा होतो. तो वाळूत रुतून एका अंगाला कललेला दाखवा. डेकला चार-पाच अंशांचा कल दिला की मुलांना पाय रोवून चालावं लागतं आणि जहाज हलतंय असं वाटतं. यंत्राची गरजच राहत नाही. डेकच्या पातळ्या ०.६, १.४, २.१ आणि फार तर २.९ मीटर ठेवा. खेळसाहित्यासाठी ईएन ११७६ हे युरोपीय मानक जगभर वापरलं जातं. त्यात कुठूनही मोकळेपणी पडण्याची उंची ३ मीटरच्या वर मान्य नाही. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी १ ला १२ उताराचा रॅम्प किमान पहिल्या दोन डेकपर्यंत न्या, आणि सुकाणूचं चाक त्याच डेकवर बसवा. सगळ्यांना तेच फिरवायचं असतं.

गुराबीचा आकार खेळासाठी फार सोयीचा आहे. तिचं नाक लांब, सखल आणि पुढे झेपावलेलं असे; त्यामागच्या आडोशातून दोन तोफा थेट पुढे मारा करत. ते नाक जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर तीन मीटर पुढे काढलंत की तोल सांभाळत चालायची वाट तयार होते. चाच्यांचं जहाज उंच आणि गुराब सखल ठेवली तर मोठी मुलं एकीकडे वळतात, लहान दुसरीकडे, आणि पाटी लावावी लागत नाही. गुराबीबरोबर गलबतं असत, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, चपळ. त्यातलं एखादं वाळूत ठेवा, दोन्ही बाजूंना वल्ही बसवा. दहा मुलं ताल धरून वल्ही मारू लागली की तो खेळ किती वेळ चालेल याचा अंदाज कोणालाच येत नाही.

आता फटी. लहान मुलांचे जीवघेणे अपघात डोकं अडकूनही होतात: पाय आणि धड फटीतून जातं, डोकं अडकतं. त्यामुळे ८९ ते २३० मिलिमीटरमधली कुठलीही बंदिस्त फट नको. एकतर ८९ पेक्षा लहान, नाहीतर २३० पेक्षा मोठी. जहाजावर हा नियम अनपेक्षित ठिकाणी मोडतो: तोफेची खिडकी, सुकाणूच्या चाकाचे आरे, जिन्याच्या दोन पायऱ्यांमधली जागा, कठड्याच्या काठ्या. बोटं अडकण्यासाठी ८ ते २५ मिलिमीटर ही धोक्याची मापं आहेत, म्हणून डेकच्या फळ्यांत पाणी जायला ५ मिलिमीटरची फट सोडा, १० ची नाही. नांगराची साखळी खरी लावायचा मोह होतो. कड्यांमधून बोट जात असेल तर तिच्यावर रबरी नळी चढवा किंवा ती हाताच्या टप्प्याबाहेर टांगा. सुताराला या मापांचे लाकडी ठोकळे करून द्या आणि रोज संध्याकाळी त्या दिवशीचं काम त्यांनी तपासायला सांगा. कठड्याला उभ्या काठ्या लावा. आडव्या लावल्या की मूल त्यांची शिडी करतं. मानकात कठड्याची किमान उंची ७०० मिलिमीटर आहे, मी १००० धरायला सांगेन, कारण मोठी माणसंही वर चढणार आहेत.

घसरगुंडीच्या तोंडाशी ओढणी, गळ्यातला दोरा, जॅकेटची दोरी अडकेल अशी एकही खाच, खिळा किंवा सांधा नको. ही तपासणी आपल्याकडे फार कमी होते. आत शिरताना ओढण्या आणि ताईत काढून ठेवायला डबे द्या आणि सेवकाला ते सांगायला शिकवा.

लाकडाबाबत जवळच्या बंदरावरच्या होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींना सुरुवातीपासून सोबत घ्या. कोणतं लाकूड किती सुकलं आहे, फळी कुठे चिरेल, पठाणापासून (होडीच्या तळाच्या कण्यापासून) बाक कसा उचलायचा हे त्यांना जसं कळतं तसं कुठल्याच सजावट कंत्राटदाराला कळत नाही. फायबरच्या बोटी आल्यापासून लाकडी होड्यांचं काम आटलं आहे, त्यामुळे असे कारागीर मिळतात आणि मन लावून करतात. त्यांचं नाव जहाजावर कोरा. त्यांना मात्र एक गोष्ट नवी असेल: होडी पाण्यात भिजलेली राहते, तुमचं जहाज उन्हात सुकत उभं राहणार आहे, त्यामुळे सांधे वेगळ्या पद्धतीने सोडावे लागतात.

खाडीत पडलेला जुना ट्रॉलर स्वस्तात घेऊन खेळायला ठेवावा असं अनेकांना सुचतं. ते करू नका. आतलं लाकूड कुजलेलं असतं, डिझेल मुरलेलं असतं आणि तळाच्या रंगात शेवाळं-शिंपले मारणारी विषारी द्रव्यं असतात. त्याचा पंखा, सुकाणू, कप्प्या, नांगर शोभेसाठी घ्या.

खांब थेट जमिनीत पुरू नका. वाळवी आणि ओल दोन-तीन पावसाळ्यांत ते खातात. काँक्रीटच्या पायावर गॅल्व्हनाइज्ड बूट बसवून लाकूड जमिनीपासून ७५ मिलिमीटर वर ठेवा. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत ३०४ वर लवकर डाग पडतात. स्टेनलेस बोल्ट आणि जस्ताचा पत्रा जिथे टेकतात तिथे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर पत्रा झिजतो. डोकी लाकडात खोल बसवा.

चढायच्या जाळ्या पोलादी गाभ्याच्या १६ मिलिमीटर दोराच्या असाव्यात. काथ्याचा दोर दिसायला फार सुंदर, पण पावसात कुजतो, म्हणून तो फक्त गुंडाळायला आणि सजवायला.

डोलकाठीचा विचार वाऱ्याच्या अंगाने करा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. भारतीय मानकाच्या सूत्रानुसार वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. मुंबईसाठी धरला जाणारा ४४ मीटर प्रतिसेकंद वेग घेतला तर एका चौरस मीटरवर सुमारे ११६० न्यूटन दाब येतो. २० चौरस मीटरचं बंद कापडी शीड लावलं तर डोलकाठीवर जवळपास २.४ टनांचा ढकला बसेल. म्हणून शीड सच्छिद्र जाळीचं घ्या, पाच मिनिटांत उतरेल अशा कप्प्यांवर चढवा, आणि डोलकाठीच्या आत पोलादी नळी ठेवून तिचा पाया संरचना अभियंत्याकडूनच काढून घ्या. तीच डोलकाठी परिसरातली सर्वांत उंच वस्तू असेल, तेव्हा तिला वीजरोधक यंत्रणा जोडा.

पडायची जागा

मूल पडणारच आहे असं धरून जमीन करा. जहाजाभोवती किमान १.५ मीटर मोकळा पट्टा लागतो, ३ मीटर उंचीला तो २.५ मीटरपर्यंत वाढतो. त्या पट्ट्यात दगड, खांब, बाक, नांगर काहीही नको. वाळू ०.२ ते २ मिलिमीटर दाण्याची, गोल, धुतलेली आणि किमान ३०० मिलिमीटर खोल हवी. क्रशरची कृत्रिम वाळू चालत नाही, तिची धारदार पूड ओली होऊन घट्ट बसते आणि फरशीसारखी कडक होते. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ते बोल्ट खातं; शिवाय किनाऱ्यावरून ती उचलणं बेकायदा आहे. परवान्याची नदीची वाळू पावतीसह घ्या. खाली खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग वाळू. घसरगुंडीच्या पायथ्याशी ती आठवड्याभरात उडून जाते, म्हणून कडेच्या लाकडावर खोलीची खूण रंगवा. खूण उघडी दिसली की वाळू ओढायची.

चाकाच्या खुर्चीच्या वाटेवर रबरी थर द्या. तो उन्हात तापतो, त्यामुळे फक्त सावलीत.

सावलीवरून घसरगुंडीची आठवण. युरोपातली पुस्तकं सांगतात की पत्र्याची घसरगुंडी उत्तरेला तोंड करून ठेवा, म्हणजे तापणार नाही. कोकणात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि नंतर उत्तरेला सरकतो, त्यामुळे दिशेचा उपयोग होत नाही. इथे उपाय एकच, वर सावली. बांधकामाच्या पहिल्या पावसाळ्यातच करंज, उंडी, वड अशी झाडं लावा आणि ती वाढेपर्यंत जाळीचे मांडव घाला.

दोरांचा मार्ग आणि झिपलाइन

हे काम अनुभवी संस्थेकडूनच करून घ्या आणि करारात ईएन १५५६७ हे दोरांच्या मार्गांचं युरोपीय मानक लिहून घ्या. तुम्हाला मात्र प्रश्न विचारता आले पाहिजेत.

खांब गॅल्व्हनाइज्ड पोलादाचे किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाचे असावेत. माड, पोफळ, काजू यांना तार बांधू नये. सुरक्षेची पद्धत सलग हवी, म्हणजे माणूस पहिल्या खांबाला अडकला की शेवटच्या खांबापर्यंत त्याला स्वतः सुटताच येणार नाही. दोन हुक आळीपाळीने काढून लावण्याची जुनी पद्धत स्वस्त पडते, पण घाबरलेल्या मुलाच्या हातून दोन्ही हुक एकदम सुटू शकतात. कुटुंबांसाठीच्या उद्यानात ती नकोच.

झिपलाइनची तार किती ताणायची यावर वाद होतात. हिशेब असा: १०० मीटरच्या तारेवर मधोमध १०० किलोचा माणूस आहे. तार मध्यावर ५ मीटर खाली झोळत असेल तर त्या वजनामुळे तिच्यात साधारण ५०० किलोंचा ताण येतो. तार घट्ट करून झोळ २ मीटरवर आणला की तोच ताण १२५० किलो होतो, आणि तारेचं स्वतःचं वजन वेगळं. घट्ट तार भक्कम दिसते, पण खांबाला आणि अँकरला तीच उखडते. तारेचं तुटण्याचं बळ कामाच्या ताणाच्या किमान पाचपट घ्या. यू-क्लिप (तारेचं वळवलेलं टोक आवळून धरणाऱ्या पकडी) लावल्या असतील तर खोगीर ताणाच्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर आहे ना, हे स्वतः पाहा. उलट बसवलेली क्लिप ताणाची तार चेपून कमजोर करते. १२ मिलिमीटर तारेला एका टोकाशी किमान तीन क्लिपा लागतात. उतरण्याच्या ठिकाणी मुख्य ब्रेक निकामी झाला तरी थांबवणारा दुसरा, स्वतंत्र ब्रेक हवा.

मधेच अडकलेल्या माणसाला खाली आणण्याचा सराव दर आठवड्याला व्हावा. पट्ट्यांत निश्चल लोंबकळत राहणं शरीराला घातक असतं, म्हणून सुटकेला काही मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. ढगांचा गडगडाट झाला की वीज आणि आवाज यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर सगळे खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी वर चढायचं नाही.

पाणी

जहाजाभोवती खंदक किंवा तळं करू नका. फोटो सुंदर येतात, पण पन्नास मुलांच्या गर्दीत पाण्यात पडलेलं एक मूल दिसत नाही. पाण्याच्या तोफा आणि कारंजी यांचं पाणी जमिनीवर साचू न देता थेट टाकीत परत न्या. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग), पीएच ७.२ ते ७.८, आणि दर दोन तासांनी मोजून नोंद. पंपाची खोली कुलपात, क्लोरीनचा साठा तिच्यापासून वेगळा.

गुहा आणि आग

खजिन्याची गुहा सगळ्यांना हवी असते आणि आपल्याकडे ती थर्माकोल किंवा फोमवर प्लास्टर चढवून करतात. हे थांबलं पाहिजे. जर्मनीच्या युरोपा-पार्कमध्ये चाच्यांची नौकासफर १९८७ पासून चालू होती; २६ मे २०१८ च्या आगीत ती जळून गेली आणि २०२० मध्ये नव्याने बांधावी लागली. तिथे लोक वेळेत बाहेर निघाले. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमझोनमध्ये तसं झालं नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या, आत साठवलेलं इंधन, अग्निशमनाच्या परवानगीचा पत्ता नाही, आणि मेलेल्यांत लहान मुलं होती.

म्हणून गुहा जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटची करा. जांभा तर जागेवरच मिळतो आणि गुहा म्हणून शोभतो. दोन बाजूंना उघडी तोंडं, आंधळा बोळ एकही नाही, वीज गेली तरी चालणारे दिवे, आणि मशालीच्या जागी एलईडी. उद्यान उघडं असताना परिसरात वेल्डिंग नाही. जनरेटरचं डिझेल आणि खाणावळीचा गॅस जहाजापासून दूर, उघड्या हवेत. अग्निशमनाचं ना-हरकत पत्र हातात येईपर्यंत जवळच्या पाहुण्यांनाही आत घेऊ नका.

खेळ चालवणारी माणसं

पडदे आणि स्पीकर यांवर खर्च करण्याऐवजी माणसांवर करा. सिंधुदुर्गात दशावताराची परंपरा आहे. त्यातले नट प्रसंग पाहून जागच्या जागी संवाद रचतात, रंगभूषा स्वतः करतात आणि मुलांना हसवता-घाबरवता दोन्ही येतं. त्यांचे प्रयोग रात्री असतात, तेव्हा वेळ आणि मानधन त्यांच्याशी बोलून ठरवा, जागरणानंतर सकाळी दहाला उभं करू नका. तांडेल, दस्तक तपासणारा चौकीदार, जखमी चाचा अशा भूमिका त्यांच्या हातात दिल्या की लिखित संवादांची गरज उरत नाही.

कोड्यांसाठी कुलपं आणि आकडे यांपेक्षा दर्यावर्दींची खरी साधनं वापरा. अरब खलाशी ‘कमाल’ नावाची लाकडी पाटी वापरत. तिला गाठी मारलेली दोरी असे. दोरीची गाठ दातांत धरून पाटी समोर धरायची आणि क्षितिजापासून ध्रुवतारा किती वर आहे ते मोजायचं. ती उंची म्हणजेच त्या जागेचं अक्षांश. मालवणला ती साधारण १६ अंश येते. गुहेच्या छतावर ध्रुवताऱ्याचा दिवा लावा आणि मुलांना मोजून ठरवू द्या की जहाज मालवणला आहे की सुरतेला. दुसरं कोडं भरती-ओहोटीचं: आजची तिथी पाहून उधाण (मोठी भरती) आहे की भांग (मंद भरती) हे ओळखायचं आणि खाडीत शिरायची वेळ सांगायची. उत्तर पडताळायला गावातला एखादा जुना नाखवा सुट्टीच्या दिवशी बसवा.

उघडण्यापूर्वी आणि पहिला पावसाळा

बांधकाम संपलं की आधी वजनाच्या गोण्या लावून चाचणी घ्या. मग बांधणाऱ्याशी संबंध नसलेल्या तपासनीसाला बोलवा. त्याने काढलेली प्रत्येक त्रुटी दुरुस्त झाल्याची लेखी नोंद ठेवा. नंतर पंधरा दिवस पंचक्रोशीतल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुलांना फुकट खेळायला बोलवा आणि कडेला उभे राहून पाहा: रांग कुठे लागते, कुठे कोणी फिरकत नाही, कोणत्या कठड्यावर मुलं उभी राहतात. आराखड्यात न दिसलेल्या चढायच्या वाटा मुलं पहिल्या दोन दिवसांत शोधतात.

पुढे रोज दार उघडण्यापूर्वी एक फेरी: वाळूतल्या काचा, सैल बोल्ट, फाटलेला दोर, जाळीत शिरलेला साप. दर महिन्याला सांधे आणि झीज. वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून पूर्ण तपासणी. तिन्हींची वही एकच आणि सहीसह.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शीडं आणि सैल दोर उतरवा, पट्टे आणि हेल्मेटं कोरड्या खोलीत टांगा, पंप काढून तेल द्या, गटारं मोकळी करा. पावसात दर आठवड्याला एक माणूस जहाजाच्या तळाशी जाऊन वाळवी आणि साचलेलं पाणी पाहील अशी व्यवस्था ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड पुरतं सुकल्यावर तेल किंवा रंगाचा हात द्या. ओल्या लाकडावर दिलेला थर महिन्याभरात सुटतो. वाळू खोलवर उलटी करून वाळवा. प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा, तारेच्या टोकांवरचा गंज पाहा, ज्या पट्ट्यांची उत्पादकाने दिलेली मुदत संपली ते चांगले दिसत असले तरी कापून टाका, म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही. या कामांना तीन आठवडे सहज लागतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीची जाहिरात तारखा मोजूनच द्या.